कवितेच्या ओळी एकात एक घुसतात, पत्त्यात भलतीच फट पडते: स्पेस आणि एंटरच्या तक्रारींवर इलाज

दिवाळी अंकांचे दिवस आले की नागपुरात वेबसाइट सांभाळणाऱ्या कुणालाही हा फोन येतोच. "भाऊ, कवितेच्या साऱ्या ओळी एकात एक घुसून राहिल्या. वर्डमध्ये तर बरोबर होत्या!" कवीचं म्हणणं खरं असतं. वर्डमध्ये बरोबर होत्या, व्हॉट्सॲपवर बरोबर होत्या, इतवारीतल्या डीटीपीवाल्याने काढलेल्या प्रुफातही बरोबर होत्या. वेबच्या पानावर चढल्या आणि चार कडव्यांचा एक परिच्छेद झाला. मग कुणीतरी प्रत्येक ओळीमागे हाताने बीआर टॅग, म्हणजे 'इथे ओळ मोडा' ही खूण, घालतं, कवी खूश होतो आणि पुढच्या कवितेला पुन्हा तोच फोन. दुरुस्ती त्या एका कवितेची होते, बिघाड जिथल्या तिथे राहतो.

टॅग आणि सेटिंगांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत.

आधी ओळ कुठे हरवली ते बघा

कवीने एंटर दाबल्यापासून वाचकाच्या फोनवर ओळ दिसेपर्यंत मजकूर बऱ्याच हातांतून जातो: वर्ड, मेल किंवा व्हॉट्सॲप, साइटचा फॉर्म, डेटाबेस, टेम्प्लेट (पानाचा साचा) आणि शेवटी ब्राउझर. यातल्या कुठल्या टप्प्यावर एंटर गेला हे कळल्याशिवाय हात लावू नका. शोधायला पानावर राइट-क्लिक करून व्ह्यू सोर्स उघडा आणि कवितेची पहिली ओळ शोधा. इन्स्पेक्ट नको. तिथे ब्राउझर स्वतःच्या सोयीने रचना मांडून दाखवतो, कोऱ्या जागा खऱ्या आहेत तशा दिसत नाहीत.

सोर्समध्ये ओळी वेगवेगळ्या आहेत आणि पानावर एकत्र आल्या, तर काहीही हरवलेलं नाही. सगळ्यात सोपा प्रकार हाच, आणि दहातल्या बहुतेक तक्रारी याच असतात.

सोर्समध्येच सगळं एका ओळीत आहे, तर एंटर आधीच कुठेतरी गेला. पहिला संशय फॉर्मवर घ्या. एका ओळीच्या इनपुट डब्यात अनेक ओळींचा मजकूर टिकत नाही. त्यात भरलेल्या मजकुरातून एंटर काढून टाकायचा, असा एचटीएमएलचा, म्हणजे वेबची पानं लिहायच्या भाषेचा, नियमच आहे. पेस्ट करताना कधी एंटरच्या जागी स्पेस येते, कधी तीही येत नाही. म्हणून ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मध्ये फट न ठेवता चिकटले असतील, 'उन्हातपावलं' असं काही दिसत असेल, तर सीएसएस (पानाच्या मांडणीचे नियम) चाळत बसू नका. फॉर्मचा डबा बदला, टेक्स्टएरिया म्हणजे अनेक ओळींचा डबा करा. आधी गेलेल्या कवितांच्या ओळी मात्र मूळ प्रतीवरूनच परत आणाव्या लागतात. त्या कुठल्याही सेटिंगने येत नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे पानावर बीआर टॅग कंसांसकट अक्षरशः वाचायला मिळतो. तिथे कोडने आधी एंटरचे बीआर केले आणि मग सगळा मजकूर एस्केप केला, म्हणजे टॅगचे कंस साधी अक्षरं म्हणून दिसतील असे बदलले. क्रम उलटा हवा: आधी एस्केप, मग एंटरचा बीआर. काही जण वैतागून एस्केपच काढून टाकतात. ते करू नका. मग कुणीही फॉर्ममधून तुमच्या पानात हवी ती स्क्रिप्ट घालू शकेल.

ओळ सोर्समध्ये आहे, पानावर नाही

साध्या मजकुरात स्पेस, टॅब आणि एंटर कितीही एकामागे एक आले तरी ब्राउझर त्यांची मिळून एकच स्पेस दाखवतो. अनेकांना वाटतं की एचटीएमएल एंटर फेकून देतं. तसं नाही. पान वाचून ब्राउझर आपल्या स्मृतीत जी रचना बांधतो तिच्यात एंटर जसाच्या तसा असतो. त्याची स्पेस होते ती मांडणीच्या वेळी, सीएसएसच्या हुकमाने. म्हणूनच सीएसएसने तो हुकूम बदलता येतो आणि मजकुराला बोटही लावावं लागत नाही.

हुकमाचं नाव व्हाइट-स्पेस. त्याला देता येणाऱ्या किमती (व्हॅल्यू) नीट समजून घेतल्या तर निम्मे फोन बंद होतात.

नॉर्मल म्हणजे वर सांगितलेला नेहमीचा कारभार. प्री-लाइन एंटर राखतं, पण स्पेस आणि टॅबांचे पुंजके एकीवर आणतं. प्री-रॅप एंटरही राखतं आणि प्रत्येक स्पेसही, शिवाय ओळ लांब झाली तर ती मोडून खाली आणतं. प्री मात्र सगळं राखतं आणि लांब ओळ मोडत नाही. फोनवर ती पडद्याबाहेर जाते आणि वाचकाला बोटाने सरकवत बसावं लागतं. नोरॅप उलट वागतं: एंटरची स्पेस करतं आणि ओळही मोडू देत नाही.

कवितेसाठी माझी पसंती प्री-लाइन. येणारं मॅटर स्वच्छ नसतं. ओळींच्या आधी दोन, मागे चार स्पेस असतातच, आणि प्री-लाइन त्या गिळतं. मुक्तछंदात कवीने ओळी मुद्दाम आत ढकलल्या असतील तर प्री-रॅप लागेल, पण मग कवीशी बोलून घ्या की ते ढकलणं खरोखर त्यांचं आहे की ऑपरेटरने स्पेस मारून ओळ मध्यभागी आणली होती. डीटीपीत 'सेंटर'चं बटण असतानाही स्पेस मारत बसणारे आपल्याकडे कमी नाहीत.

इथे एक खोच आहे, तिच्यात पुष्कळ जण अडकतात. टेम्प्लेटमध्ये डिव्ह (मजकुराचा डबा करणारा टॅग) उघडला, एंटर मारला, आत चार स्पेस सोडून कवितेच्या मजकुराचं व्हेरिएबल घातलं, पुन्हा एंटर आणि डिव्ह बंद. प्री-रॅप लावताच कवितेच्या डोक्यावर एक रिकामी ओळ येते आणि पहिलीच ओळ चार स्पेस आत सरकते. बाकीच्या ओळी जागेवर असतात, म्हणून कवीला वाटतं पहिली ओळ मुद्दाम वाकडी केली. उघडणाऱ्या टॅगला लागून, मध्ये काहीही न सोडता मजकूर सुरू करा. मूळ प्री टॅगला ही अडचण येत नाही, कारण प्री उघडल्याबरोबर येणारा पहिला एंटर एचटीएमएल वाचणारा भाग स्वतःच गिळतो. टेक्स्टएरियालाही तीच सवलत आहे. सीएसएसने प्रीसारख्या वागवलेल्या डिव्हला नाही.

मग सरळ प्री टॅगच का नको? कारण तो सोबत टंकलेखनी फॉन्ट घेऊन येतो, तोही बहुतेक ब्राउझरांत जरा लहान आकाराचा. देवनागरी कविता त्यात बिचारी दिसते. फॉन्ट, आकार, ओळ मोडणं असं सगळं पुन्हा पदरी घ्यायचं तर प्री वापरण्यात राहिलं काय?

लांब ओळ फोनवर मोडली की मोडलेला भाग थोडा आत यावा, म्हणजे कवीची ओळ कुठली आणि पडद्याने पाडलेली कुठली ते कळतं. चांगले छापखाने हे करतात. सीएसएसमध्ये डावीकडे पॅडिंग आणि उणे टेक्स्ट-इंडेंट देऊन ते जमतं, पण टेक्स्ट-इंडेंट डब्याच्या फक्त पहिल्या ओळीला लागू होतं. प्री-लाइनमध्ये सगळी कविता एकाच डब्यात असते. तेव्हा ही हौस असेल तर टेम्प्लेटला कवितेचं एंटरवर विभाजन करू द्या आणि प्रत्येक ओळ सीएसएसने ब्लॉक केलेल्या स्वतंत्र स्पॅन टॅगमध्ये घाला. काम थोडं वाढतं, पान देखणं होतं.

जावास्क्रिप्टने मजकूर भरत असाल तर एवढं लक्षात ठेवा: टेक्स्टकंटेंटमध्ये भरलेला एंटर एंटरच राहतो, म्हणजे पानावर त्याची स्पेस होते, इनरटेक्स्टमध्ये भरलेल्या एंटरचे बीआर होतात. एकच ओळ कोड, दोन निकाल.

उलटी तक्रार: नको तिथे ओळ मोडते

लेखाच्या बाबतीत दुखणं बरोबर उलटं असतं. छापील अंकाच्या पीडीएफमधून मजकूर उचलला की कॉलमच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक एंटर येतो. त्याला बीआर करणाऱ्या साइटवर टाकलं की फोनवर एक ओळ लांब, पुढची दोन शब्दांची, पुन्हा लांब, असा करवतीचा काठ दिसतो. कवितेसाठी लावलेलं प्री-लाइन कुणी सगळ्या साइटला लावून ठेवलं असेल तरी हेच होतं.

पीडीएफमध्ये 'परिच्छेद' असं बहुधा नसतंच, फक्त अक्षरं कुठे बसवायची त्याच्या जागा असतात. त्यामुळे ओळी जोडायचं काम आपलं. रिकामी ओळ असेल तिथे परिच्छेद राखायचा आणि बाकीचे एंटर स्पेसमध्ये बदलायचे, हे कुठल्याही एडिटरच्या शोधा-बदलाने होतं. ओळीच्या शेवटी जोडरेघ असेल तिथे मात्र यंत्राच्या भरवशावर राहू नका. 'विद्या-' आणि खाली 'पीठ' असेल तर रेघ काढायची. 'ने-' आणि खाली 'आण' असेल तर ठेवायची. हा भेद डोळ्यांनीच करावा लागतो. सगळ्या जोडरेघा एका झटक्यात उडवणाऱ्या स्क्रिप्टने 'देवघेव' जोडली तर चालून जातं, 'बाप-लेक'चा 'बापलेक'ही चालतो, पण '२०२३-२४' मधली रेघ ओळीच्या शेवटी आली असेल तर वर्षाचा सहा आकडी नंबर होतो.

दर दोन ओळींत एक जास्तीची रिकामी ओळ

हे विंडोजवरच्या फाइलींचं आणि फॉर्मांचं दुखणं. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ बदलायला दोन हुकूम लागत: छपाईचं डोकं डावीकडे आणणारा कॅरेज रिटर्न आणि कागद एक ओळ वर सरकवणारा लाइन फीड. युनिक्सने एकट्या लाइन फीडवर भागवलं, जुन्या मॅकने एकट्या कॅरेज रिटर्नवर, आणि डॉसमार्गे विंडोजने दोन्ही ठेवले. वेबच्या फॉर्ममधून टेक्स्टएरियाचा मजकूर सर्व्हरकडे जातो तोही दोन्हींसह जातो, तुम्ही लिनक्सवर बसला असलात तरी. आता कोडने १३ क्रमांकाच्या अक्षराचाही (कॅरेज रिटर्न) बीआर केला आणि १० क्रमांकाच्याही (लाइन फीड), तर प्रत्येक ओळीला दोन बीआर येणारच.

मजकूर आत घेताच जोडीचा आणि सुट्या कॅरेज रिटर्नचा एक लाइन फीड करून टाका, आणि मग पुढचं काय ते करा. एक्सएमएलने १९९८ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून हे फाइल वापरणाऱ्याच्या माथी न मारता ती वाचणाऱ्या प्रोग्रामवरच सोपवलं आहे: दारातच सगळे एंटर एका प्रकारचे होतात. प्रत्येक मार्कअप भाषेने निदान एवढं तरी करावं.

मार्कडाउनमधल्या दोन अदृश्य स्पेस

अंकाची साइट मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराच्या, फाइलींवर चालत असेल तर तक्रार वेगळ्या वेशात येते. "काल ओळी बरोबर होत्या, आज कुणी काही केलं नाही, तरी चिकटल्या."

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा ठरवलं की सुट्या एंटरला अर्थ नाही, रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद, आणि ओळ खरोखर मोडायची असेल तर तिच्या शेवटी दोन किंवा जास्त स्पेस सोडायच्या. पहिले दोन नियम उत्तम. तिसऱ्याशी माझं कायमचं भांडण आहे. ज्या गोष्टीवर कवितेचा आकार उभा आहे ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. प्रूफ तपासणाऱ्याला दिसत नाही, छापून काढली तरी दिसत नाही. त्यात बहुतेक एडिटरांत ओळीच्या शेवटच्या स्पेस फाइल सेव्ह करताना काढून टाकायची सोय असते, आणि प्रोग्रामर मंडळी ती हौसेने चालू ठेवतात. कुणीतरी एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारतं, फाइल सेव्ह करतं आणि तिच्यातल्या सगळ्या कविता सपाट होतात. बदलांच्या नोंदीत तर फक्त 'शुद्धलेखन दुरुस्त' एवढंच.

त्यावर तिसरी कुरघोडी अशी की काही ठिकाणचं मार्कडाउन प्रत्येक एंटरचा बीआर करतं. चॅटमध्ये किंवा चर्चेच्या डब्यात ते सोयीचंही वाटतं. पण तीच फाइल साइट बनवणाऱ्या प्रोग्रामकडे गेली की ओळी चिकटतात, आणि 'तिकडे तर बरोबर दिसत होतं' हा वाद सुरू होतो.

यावर उपाय आहेत. २०१४ मध्ये आलेल्या कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नेमक्या नियमावलीने ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ म्हणजे ओळ मोडा, अशी सोय मान्य केली. तुमचा प्रोग्राम कॉमनमार्क मानत असेल तर दोन स्पेस विसरा आणि तिरकी रेघ वापरा; ती दिसते आणि कुठलाही एडिटर ती झाडून टाकत नाही. नसेल मानत तर एडिटरच्या सवयी ठरवणाऱ्या एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये मार्कडाउनपुरतं शेवटच्या स्पेस काढणं बंद करा. कविता जास्त असतील तर मात्र मी दोन्ही करत नाही. कवितेभोवती एक डिव्ह, त्याला 'कविता' नावाचा क्लास, आणि सीएसएसमध्ये प्री-लाइन. कडव्यांमधल्या रिकाम्या ओळींमुळे मार्कडाउन मध्येच जागं होतं आणि डिव्हच्या आत परिच्छेद पाडू लागतं. तेव्हा पाडलेल्या परिच्छेदांनाही प्री-लाइन मिळेल एवढं बघा. वारशाने ते मिळतंच, थीमने परिच्छेदाला वेगळं काही दिलं नसेल तर. फक्त अशा वेळी कवितेच्या ओळींमध्ये आधीची तिरकी रेघ किंवा दोन स्पेस शिल्लक ठेवू नका. बीआर आणि राखलेला एंटर असे दोन्ही मिळून ओळी दुप्पट अंतरावर जातील.

फाइलच्या माथ्यावर यॅमलमध्ये (माहिती लिहायच्या एका साध्या पद्धतीत) कविता ठेवणाऱ्यांसाठी: उभी रेघ लावली तर एंटर राहतात, 'पेक्षा मोठं'चं चिन्ह लावलं तर एंटरची स्पेस होते. कुणीतरी जुन्या फाइलीतून दुसरं चिन्ह उचललेलं असतं.

पत्त्यात स्वल्पविरामाआधी फट

'नागपूर , महाराष्ट्र'. टेम्प्लेटमध्ये शहराचं नाव स्पॅनमध्ये आहे, स्पॅन बंद झाल्यावर एंटर आहे, आणि पुढच्या ओळीवर स्वल्पविराम. एंटरची स्पेस झाली, बस. तसंच लिंकच्या आत शेवटी एंटर असेल तर अधोरेखा शब्दाच्या पुढे एक स्पेसभर लांबते, आणि मेनूमधल्या इनलाइन-ब्लॉक डब्यांमध्ये कुणी न मागितलेली चिमूटभर फट राहते.

गंमत अशी की १९८६ च्या एसजीएमएल या एचटीएमएलच्या पूर्वजाच्या मानकात उघडत्या टॅगच्या लगेच पुढचा आणि बंद टॅगच्या लगेच आधीचा एंटर धरायचाच नाही, असा नियम होता. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ नेही तो परिशिष्टात सांगितला. ब्राउझरांनी तो कधी धड पाळला नाही, आणि नंतर तो सुटलाच. पाळला असता तर लिंकच्या अधोरेखेचा आजचा त्रास वाचला असता. स्वल्पविरामाचा मात्र नसता वाचला, कारण तिथला एंटर बंद टॅगनंतर येतो.

मेनूसाठी सीएसएसची फ्लेक्स मांडणी लावा, फटी जातात. पत्त्यासाठी स्वल्पविराम बंद टॅगला चिकटवा. जिंजा किंवा लिक्विडसारख्या टेम्प्लेटमध्ये कंसाच्या आत वजाबाकीचं चिन्ह घातलं की त्या बाजूची कोरी जागा गिळली जाते. मात्र ते दोन्ही बाजूंना सरसकट लावू नका, नाहीतर 'सीताबर्डीनागपूर' होईल. प्रेटिअरसारखा कोड नीटनेटका करणारा प्रोग्राम टॅगचा शेवटचा कंस पुढच्या ओळीवर विचित्रपणे टाकतो ना, तोही याच भीतीने. एंटर टॅगच्या पोटात टाकला की मजकुरात फट पडत नाही.

वर्डमधून आलेली न तुटणारी स्पेस

लक्षणं तीन: शोधात 'नागपूर शहर' सापडत नाही पण डोळ्यांना समोर दिसतं, फोनवर एखादी ओळ मधूनच पडद्याबाहेर पळते, किंवा दोन शब्दांमधली फट काही केल्या लहान होत नाही. तिन्हींमागे १६० क्रमांकाचं अक्षर असतं, म्हणजे न तुटणारी स्पेस. ती दिसते साध्या स्पेससारखीच, पण ब्राउझर तिला पुंजक्यात धरत नाही आणि तिच्यावर ओळही मोडत नाही. वेबवरच्या एडिटरांत लागोपाठ दोन स्पेस मारल्या की एक बरेचदा अशीच होते. पीएचपीचं ट्रिम तिला हातही लावत नाही; पायथनचं स्ट्रिप आणि जावास्क्रिप्टचं ट्रिम लावतात. त्यामुळे एकाच नावाची नोंद एका प्रोग्रामला एक दिसते, दुसऱ्याला दोन.

लेखातून ती सरसकट काढायला हरकत नाही, पण काही जागा अशा आहेत की तिथे ती मुद्दाम घालावी. 'नागपूर ४४० ००१' मधला पिन कोड दोन ओळींत तुटू नये. '७५ किमी' तुटू नये. 'डॉ.' एका ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीवर असं होऊ नये. आणि अभंगाच्या शेवटचं '॥ १ ॥' तर हमखास तुटतं: एक जोडदंड वर, आकडा आणि दुसरा जोडदंड खाली. तिथे आकड्याच्या दोन्ही बाजूंना १६० घाला. 'काय ?' असं प्रश्नचिन्हाआधी स्पेस सोडून लिहिणाऱ्यांना मात्र स्पेसच काढायला सांगा, नाहीतर प्रश्नचिन्ह एकटंच खालच्या ओळीवर जाऊन बसतं.

साफसफाईने वऱ्हाडीचा घात

सर्वांत जास्त नुकसान मी इथे होताना बघतो, म्हणून जरा थांबून सांगतो. वरच्या सगळ्या भानगडींना कंटाळून कुणीतरी 'अदृश्य अक्षरं साफ करा' अशी स्क्रिप्ट जोडतं. बाहेरून उचललेली असते. ती १६० काढते, ८२०३ ची शून्य रुंदीची स्पेस काढते, आणि त्याच दमात ८२०४ आणि ८२०५ ही काढते. इंग्रजी मजकुरात त्याने काही बिघडत नाही. मराठीत बिघडतं.

'वऱ्हाडी' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक ऱ, हलन्त आणि ह. दुसरी साधा र, हलन्त, मग ८२०५ क्रमांकाचं जोडणारं अदृश्य अक्षर आणि ह: 'वर्‍हाडी'. पडद्यावर दोन्ही बहुधा एकसारखे. स्क्रिप्ट चालली की दुसऱ्यातलं ८२०५ उडतं आणि उरतो 'वर्हाडी', रफार चढलेला. दऱ्यांचा दर्या होतो. लग्नाच्या स्वयंपाकाला बोलावलेल्या आचाऱ्यांना एकदम आचार्यांचा मान मिळतो. शब्दकोश तपासनीस यातले 'दर्या' आणि 'आचार्यांना' पकडणारही नाही, कारण शब्द खरे आहेत. ८२०४ गेलं की 'वाङ्‌मय' मधला पाय मोडलेला ङ जोडाक्षरात शिरायचा प्रयत्न करतो आणि काही फॉन्टांत ओळखू येत नाही.

म्हणून ८२०४ आणि ८२०५ या दोघांना साफसफाईच्या यादीतून कायमचं वगळा. काही एडिटर अदृश्य अक्षरांभोवती पिवळी चौकट काढून घाबरवतात. मराठी फाइलीत तिकडे दुर्लक्ष करा. शोध नीट चालावा असं वाटत असेल तर 'र, हलन्त, ८२०५' या क्रमाचा सगळीकडे 'ऱ, हलन्त' करून घ्या. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण (सारखी लेखनं एका रूपात आणणं) हे काम करत नाही, कारण त्याच्या लेखी ही दोन वेगळी लेखनं आहेत. आपली एक ओळीची बदली लिहावी लागते. शोधाच्या डब्यात वाचक जे टाइप करेल त्यावरही तीच बदली चालवा.

भाषेने काय करायला हवं

लेखकाच्या फाइलीतला एंटर दोन कारणांनी येतो. एक तर ओळ तिथे संपते म्हणून, किंवा फाइल वाचायला सोपी जावी म्हणून. अक्षर एकच, क्रमांक १०. कुठली मार्कअप भाषा निव्वळ त्या अक्षराकडे बघून कारण ओळखू शकत नाही, तेव्हा तिने अंदाज बांधू नये. साध्या मजकुरात एंटरला स्पेस समजावं. टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामने १९७८ पासून हेच केलं: एक एंटर म्हणजे स्पेस, रिकामी ओळ म्हणजे परिच्छेद, आणि ओळी राखायच्या असतील तर तसं ओबेलाइन्सने सांगा. एक्सएमएलमध्ये स्पेस नावाच्या गुणधर्माला प्रिझर्व्ह म्हणायचं, सीएसएसमध्ये प्री-लाइन. नावं वेगळी, रीत एकच: 'इथल्या ओळी कवीच्या आहेत' हे डब्यावर एकदा लिहायचं, प्रत्येक ओळीमागे नाही.

एंटरची स्पेस हा नियमही सगळ्यांना पुरत नाही. चिनी आणि जपानी शब्दांमध्ये स्पेस सोडत नाहीत, तिथे सोर्समधला एंटर पानावर नको ती फट पाडतो. सीएसएसच्या मानकाला त्यासाठी वेगळी कलमं घालावी लागली. मराठीला तो त्रास नाही. आपला त्रास ८२०५ चा, आणि तो भाषेने नव्हे, आपल्याच झाडूने ओढवलेला.

मॅटर पाठवणाऱ्यांना पुढे ढकलायचा निरोप असा ठेवा: कविता पीडीएफमध्ये किंवा फोटो काढून नको, वर्डमध्ये किंवा मेलच्या मजकुरात द्या. ओळ संपली की एक एंटर, कडवं संपलं की दोन. ओळ मध्यभागी आणायला स्पेस मारू नका. एखादी ओळ मुद्दाम आत सरकवली असेल तर तसं कवितेच्या वर लिहून कळवा. फॉन्ट युनिकोडचाच हवा. जुन्या फॉन्टातलं मॅटर डीटीपीवाल्याकडूनच रूपांतरित करून घ्या आणि रूपांतरानंतर त्यातले ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द एकदा स्वतः वाचून बघा.